तांबडी शैवाले आणि सायनोबॅक्टेरिया प्रकाश कसा टिपतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवताना एक गोष्ट दरवर्षी जाणवते. प्रकाशसंश्लेषणाचा धडा हिरव्या पानापासून सुरू होतो आणि हिरव्या पानापाशीच संपतो. गोदाघाटाच्या पायऱ्यांवरचा निळसर-काळा बुळबुळीत थर किंवा कोकणात सहलीला गेल्यावर खडकांवर दिसणारी तांबूस-जांभळी शैवाले यांना त्या धड्यात जागा मिळत नाही. वास्तविक प्रकाश टिपून तो नेमक्या जागी पोहोचवण्याची या दोन गटांकडे असलेली व्यवस्था मला हिरव्या पानातल्या व्यवस्थेपेक्षाही रेखीव वाटते. विद्यार्थी, त्यांचे पालक, शेततळ्यातले पाणी हिरवे झाले म्हणून चौकशीला येणारे द्राक्षबागायतदार आणि स्पिरुलिनाच्या, म्हणजे खाण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या एका सायनोबॅक्टेरियमच्या, टाक्या घालू पाहणारे तरुण यांनी वेळोवेळी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

सायनोबॅक्टेरिया म्हणजे शैवाल की जिवाणू? तांबड्या शैवालांशी त्यांचे नाते काय?

सायनोबॅक्टेरिया हे जिवाणूच आहेत. त्यांच्या पेशीत केंद्रक नसते आणि हरितलवकही नसते. पूर्वीच्या पुस्तकांत त्यांना नील-हरित शैवाल म्हटले जाई आणि शेतकी खात्याच्या बोलण्यात ते नाव अजून रुळलेले आहे. तांबडी शैवाले मात्र केंद्रक असलेल्या पेशींची आहेत आणि त्यांच्यात हरितलवक असते.

या दोघांना एकत्र अभ्यासण्याचे कारण त्या हरितलवकाच्या वंशावळीत आहे. शंभर कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी एका केंद्रकयुक्त पेशीने एक सायनोबॅक्टेरियम आपल्यात सामावून घेतले, ते पचवले नाही, आणि त्याच्या वंशजांचेच पुढे हरितलवक झाले. हिरव्या शैवालांच्या आणि पुढे जमिनीवरच्या वनस्पतींच्या शाखेने प्रकाश टिपण्याची मूळ यंत्रणा टाकून दिली आणि दुसरी उभी केली. तांबड्या शैवालांनी ती जपली. म्हणून घाटावरच्या जिवाणूची आणि मालवणच्या खडकावरच्या शैवालाची प्रकाश टिपण्याची पद्धत मुळात एकच आहे.

हरितद्रव्य असताना आणखी रंगद्रव्ये कशासाठी?

हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल-अ, प्रकाशाच्या पट्ट्यातले दोन तुकडे चांगले शोषते : एक निळा, ४३० नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि दुसरा तांबडा, ६६० ते ६८० नॅनोमीटरचा. मधला ५०० ते ६२० नॅनोमीटरचा हिरवा, पिवळा आणि नारिंगी भाग त्याच्या हातून बराचसा निसटतो. जाड पानाला याची फारशी झळ लागत नाही, कारण पानाच्या थरांमध्ये प्रकाश इकडून तिकडे परावर्तित होत राहतो आणि हिरव्या प्रकाशाचाही मोठा भाग शेवटी शोषला जातो. पाण्यात तरंगणाऱ्या एकट्या पेशीला अशी जाडी नसते. प्रकाशकण एकदा आरपार गेला की गेलाच. शिवाय स्वच्छ पाणी तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते, त्यामुळे खोलवर उरतो तो मुख्यतः निळा आणि हिरवा प्रकाश.

ही मधली पोकळी भरून काढणारी रंगद्रव्ये म्हणजे फायकोबिलिप्रथिने. फायकोएरिथ्रिन साधारण ५०० ते ५७० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश घेते आणि म्हणून स्वतः गुलाबी-तांबडे दिसते. फायकोसायनिन ६२० नॅनोमीटरच्या आसपासचा नारिंगी प्रकाश घेते आणि निळे दिसते. अ‍ॅलोफायकोसायनिन ६५० नॅनोमीटरजवळ शोषण करते आणि निळसर-हिरवे दिसते. आपल्या डोळ्यांना दिसणारा रंग हा त्या जिवाने न घेतलेला प्रकाश आहे, हे येथे विद्यार्थ्यांनी पक्के लक्षात ठेवावे. परीक्षेत सर्वाधिक गोंधळ याच मुद्द्यावर होतो.

या प्रथिनांना रंग देणारा रेणू म्हणजे बिलिन. तो हीमपासून, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येही असणाऱ्या कड्यासारख्या रेणूपासून, तयार होतो. हीमचे कडे एका ठिकाणी उघडले की बिलिव्हर्डिन बनते, आणि पुढे त्याचेच फायकोसायनोबिलिन किंवा फायकोएरिथ्रोबिलिन होते. मुका मार लागल्यावर काही दिवसांनी त्वचेवर जी हिरवट छटा येते, ती याच बिलिव्हर्डिनची. आपल्या शरीरात जो पदार्थ टाकाऊ ठरतो, त्याच्यापासून हे जीव आपला प्रकाश टिपणारा रेणू घडवतात, हे मला आजही विलक्षण वाटते.

फायकोबिलिसोम म्हणजे काय?

ही प्रथिने पेशीत सुटी विखुरलेली नसतात. त्यांची मोठी, ठरावीक आकाराची बांधणी असते, तिला फायकोबिलिसोम म्हणतात. एलिझाबेथ गँट आणि कॉन्टी यांनी १९६६ साली पॉर्फिरिडियम या एकपेशीय तांबड्या शैवालाच्या हरितलवकात, आतल्या पटलांवर (पातळ पापुद्र्यांवर) ओळीने बसलेले कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचे वर्णन केले. तोवर ही रंगद्रव्ये विद्राव्य आहेत, पाण्यात सहज उतरतात, एवढे ठाऊक होते. पेशीत ती इतकी शिस्तीत रचलेली असतात याची कल्पना नव्हती.

सायनोबॅक्टेरियांमधला नेहमीचा नमुना उघडलेल्या पंख्यासारखा असतो. तळाशी, पटलाला चिकटून, अ‍ॅलोफायकोसायनिनचा गाभा असतो. तो बहुधा तीन नळकांड्यांचा बनलेला असतो. या गाभ्यातून बाहेर साधारण सहा दांड्या फाकलेल्या असतात. प्रत्येक दांडी म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्या होत. एका चकतीचा व्यास सुमारे ११ नॅनोमीटर आणि जाडी सुमारे ६ नॅनोमीटर असते, आणि फायकोसायनिनच्या एका चकतीत १८ बिलिन असतात. गाभ्याजवळच्या चकत्या फायकोसायनिनच्या असतात आणि ज्या जातींत फायकोएरिथ्रिन आहे तेथे ते दांडीच्या बाहेरच्या टोकाला असते. चकत्यांना धरून ठेवणारी जोडप्रथिनेही असतात. ती बहुतेक रंगहीन असली तरी चकत्यांमधले अंतर आणि त्यांचा क्रम तीच राखतात, म्हणून त्यांना दुय्यम समजणे चुकीचे ठरेल.

तांबड्या शैवालांतली बांधणी आणखी भरगच्च असते. ग्रिफिथ्सिया पॅसिफिका या सागरी शैवालातील फायकोबिलिसोमची रचना चिनी शास्त्रज्ञांनी २०१७ साली अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने उलगडली, तेव्हा एका बांधणीत ८६२ प्रथिन-घटक आणि २,०४८ बिलिन मोजले गेले. पुढे २०२० साली पॉर्फिरिडियममधील रचना याहूनही बारकाव्याने समोर आली. तीत ७०६ घटक आणि १,५९८ बिलिन आहेत. दोन हजारांच्या आसपास रंगरेणू असलेली एवढी मोठी बांधणी आपण जमवलेली ऊर्जा पटलातल्या मोजक्या हरितद्रव्यांच्या हाती सोपवते, हा या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

ऊर्जा एका रंगरेणूकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा नेमके काय जाते?

हा प्रश्न सर्वांत अधिक वेळा विचारला जातो, आणि याचे उत्तर घाईने देऊ नये असे माझे मत आहे. यात इलेक्ट्रॉन एका रेणूतून उडी मारून दुसऱ्यात जात नाही. पहिला रेणू प्रकाश बाहेर टाकतो आणि दुसरा तो शोषतो, असेही घडत नाही. प्रकाशकण शोषला गेला की बिलिनमधला एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो, रेणू उत्तेजित होतो आणि त्याच्या विद्युतभाराचे एक आंदोलन सुरू होते. शेजारचा रेणू जर त्याच लयीला प्रतिसाद देऊ शकत असेल, तर पहिला शांत होतो आणि त्याच क्षणी दुसरा उत्तेजित होतो.

ज्यांच्या घरी सतार आहे त्यांना हे समजावून सांगणे सोपे जाते. वादक मुख्य तार छेडतो आणि खाली बसवलेल्या तरफेच्या तारांना कोणी बोट लावलेले नसतानाही त्यांतली नेमकी जुळलेली तार झंकारते. तरफ सुरात मिळवलेली नसेल तर ती गप्प राहते. फायकोबिलिसोममध्ये हे मिळवणे म्हणजे देणाऱ्या रेणूचे उत्सर्जन आणि घेणाऱ्या रेणूचे शोषण यांच्या तरंगलांब्या एकमेकींवर पडणे. फायकोएरिथ्रिनचे उत्सर्जन ५७५ नॅनोमीटरच्या आसपास असते आणि फायकोसायनिन तेथे शोषण करू शकते; फायकोसायनिनचे उत्सर्जन ६४० ते ६५० नॅनोमीटरला असते आणि अ‍ॅलोफायकोसायनिन नेमके तेथे तयार असते. मात्र सतारीचा दाखला एका बाबतीत अपुरा पडतो : तरफ झंकारली तरी मुख्य तार वाजत राहते, तर येथे देणाऱ्याकडे काहीच उरत नाही, ऊर्जेचा तो कण संपूर्णपणे पुढे जातो.

या अनुस्पंदनाचे गणित जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर फॉर्स्टर यांनी १९४८ साली मांडले. त्यातला कळीचा मुद्दा असा की हस्तांतराचा वेग दोन रेणूंमधल्या अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. अंतर दुप्पट झाले तर वेग निम्मा किंवा पाव होत नाही, तो चौसष्टाव्या हिश्श्यावर येतो. चकतीच्या आतले सर्वांत जवळचे बिलिन एकमेकांपासून सुमारे दोन नॅनोमीटरवर असतात आणि तेथे ऊर्जा एका पिकोसेकंदाच्या आसपास, म्हणजे सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात, पुढे सरकते. दांडीच्या टोकापासून गाभ्यापर्यंतचा सगळा प्रवास साधारण शंभर-दोनशे पिकोसेकंदांत आटोपतो. एकटे ठेवलेले फायकोसायनिन आपली उत्तेजित अवस्था एक-दोन नॅनोसेकंद टिकवून धरते, म्हणजे ऊर्जा वाया जाण्याआधी तिला पुढे जायला भरपूर अवधी असतो. घेतलेल्या प्रकाशापैकी ९० ते ९५ टक्क्यांहून अधिक ऊर्जा गाभ्यापर्यंत पोहोचते, ती या शर्यतीमुळे. जोडप्रथिने अंतर का राखतात हेही आता ध्यानात यावे, कारण चकत्या थोड्या जरी फाकल्या तरी सहावा घात सगळा हिशोब बिघडवतो.

ऊर्जा उलट्या दिशेने परत का जात नाही?

तिला चढ लागतो म्हणून. आकडे घेऊन पाहावे. ५६५ नॅनोमीटरच्या प्रकाशकणाची ऊर्जा सुमारे २.१९ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते; ६२० नॅनोमीटरला ती २.००, ६५० ला १.९१ आणि गाभ्याच्या शेवटच्या घटकाशी, ६८० नॅनोमीटरला, १.८२ होते. प्रत्येक टप्प्यावर थोडी ऊर्जा उष्णता म्हणून सोडली जाते. साध्या तापमानाला रेणूंना मिळणारा उष्णतेचा धक्का केवळ ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरातला असल्यामुळे, फायकोसायनिनवरून पुन्हा फायकोएरिथ्रिनवर चढण्यासाठी लागणारी ०.१९ इलेक्ट्रॉन व्होल्टची भर सहसा मिळत नाही. शेवटच्या टप्प्यांवर उतार कमी आहे, तेथे थोडी मागेपुढे हालचाल होते, पण ओघ खालीच राहतो.

पहिल्यापासून शेवटपर्यंत मिळून सुमारे १७ टक्के ऊर्जा अशी खर्ची पडते. काही विद्यार्थी याला उधळपट्टी म्हणतात. मला ती दिशेची किंमत वाटते. गंगापूरच्या धरणातून निघालेला कालवा शेतापर्यंत पोहोचावा म्हणून त्याला थोडा उतार द्यावाच लागतो, आणि तेवढी उंची आपण पुन्हा मागू शकत नाही.

गाभ्याच्या तळाशी असलेले दोन विशेष घटक ही ऊर्जा पटलातल्या हरितद्रव्याला देतात. पटलात प्रकाशाच्या ऊर्जेने रासायनिक काम सुरू करणाऱ्या दोन यंत्रणा असतात, त्यांना प्रकाशप्रणाली-१ आणि प्रकाशप्रणाली-२ म्हणतात. ते बहुतांशी प्रकाशप्रणाली-२ चे हरितद्रव्य असते, जेथे पाण्याचे विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो. काही वाटा प्रकाशप्रणाली-१ कडेही जातो.

हे सगळे सिद्ध कसे झाले? रेणूंमधली देवाणघेवाण कोणी पाहिली?

थेट कोणी पाहिली नाही. प्रकाशाच्या हिशोबातून ती उघड झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस थिओडोर एंगेलमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली शैवालावर प्रकाशाचा सप्तरंगी पट्टा पाडला आणि ऑक्सिजनकडे धाव घेणारे जिवाणू कोठे गोळा होतात ते पाहिले. तांबड्या शैवालांत ते हिरव्या प्रकाशाजवळही जमत. म्हणजे हरितद्रव्याखेरीजची रंगद्रव्येही कामाची आहेत हे तेव्हाच ध्यानात आले.

१९५० साली हॅक्सो आणि ब्लिंक्स यांनी ऑक्सिजन नेमका मोजला, आणि एक कोडे समोर आले. तांबड्या शैवालांत फायकोएरिथ्रिनने शोषलेला प्रकाश हरितद्रव्याने स्वतः शोषलेल्या प्रकाशापेक्षा अधिक ऑक्सिजन देत होता! मदतनीस मालकापेक्षा जास्त काम करतो, याचा अर्थ लागेना. डच शास्त्रज्ञ लुइस ड्युसेन्स यांनी १९५२ साली दाखवले की फायकोएरिथ्रिनला दिलेला प्रकाश फायकोसायनिनच्या आणि पुढे हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीतून, म्हणजे रेणूने शोषून पुन्हा सोडलेल्या प्रकाशातून, बाहेर पडतो. म्हणजे ऊर्जा खरोखरच क्रमाने उतरत जाते. त्यांनीच सहकाऱ्यांसह १९६१ मध्ये पॉर्फिरिडियमवर काम करून दोन प्रकाशप्रणाली मालिकेत जोडलेल्या असल्याचा पुरावा दिला आणि त्यातून जुने कोडे सुटले. या शैवालांतले हरितद्रव्य मोठ्या प्रमाणावर प्रकाशप्रणाली-१ कडे असते, तर ऑक्सिजन देणाऱ्या प्रकाशप्रणाली-२ चे पोषण मुख्यतः फायकोबिलिसोम करते. केवळ तांबडा प्रकाश दिला की पहिली प्रणाली चालू आणि दुसरी उपाशी, अशी स्थिती होते. प्रकाशसंश्लेषणाचे आज प्रत्येक पाठ्यपुस्तकात असणारे दोन प्रणालींचे चित्र उभे राहण्यात एका नगण्य वाटणाऱ्या तांबड्या शैवालाचा एवढा वाटा आहे, हे वर्गात आवर्जून सांगावे.

तांबडी शैवाले खोल पाण्यात राहतात ती त्यांच्या रंगामुळेच, हे खरे आहे का?

अर्धे खरे आहे. बहामाजवळ समुद्रात २६८ मीटर खोलीवर खडकाला चिकटून वाढणारे तांबडे शैवाल १९८० च्या दशकात सापडले, आणि तेथपर्यंत पोहोचणारा अत्यल्प निळा-हिरवा प्रकाश टिपायला या रंगद्रव्यांचा उपयोग होतो यात शंका नाही. परंतु काही हिरवी शैवालेही बऱ्याच खोलीवर आढळतात आणि कित्येक तांबडी शैवाले भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, कडक उन्हात वाढतात. आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात खडकांवर येणारे पॉर्फायरा हे त्याचे उदाहरण. खोलीवर तग धरण्यासाठी रंगाइतकेच महत्त्व एकूण रंगद्रव्य किती आहे आणि जीव किती काटकसरीने जगतो याला असते.

गोड्या पाण्यातही तांबडी शैवाले आहेत, पण संख्येने थोडी. स्वच्छ, सावलीतल्या वाहत्या ओढ्यात वाढणारे बॅट्राकोस्पर्मम बऱ्याचदा तपकिरी किंवा हिरवट दिसते आणि ओळखायला चुकते.

जपानी पद्धतीच्या खाण्यात येणारी नोरीची (वाळवलेल्या तांबड्या शैवालाची) जांभळट-काळी पातळ पट्टी कोणाच्या हाती लागली, तर ती तव्यावर क्षणभर भाजून पाहावी. ती हिरवी होते. उष्णतेने फायकोएरिथ्रिन मोडते आणि आतले हरितद्रव्य उघडे पडते. ते तेथे आधीपासून होतेच.

प्रकाश बदलला की ही यंत्रणा बदलते का?

बदलते, आणि वेगवेगळ्या वेगाने बदलते. काही सायनोबॅक्टेरियांना हिरव्या प्रकाशात वाढवले तर ते फायकोएरिथ्रिन बनवून विटकरी तांबडे होतात, आणि तांबड्या प्रकाशात ठेवले तर फायकोसायनिन वाढवून निळसर हिरवे होतात. यासाठी नवी प्रथिने घडवावी लागत असल्याने हा बदल काही दिवसांचा असतो.

मिनिटांत होणारा बदल वेगळा. एका प्रकाशप्रणालीला जास्त आणि दुसरीला कमी ऊर्जा मिळू लागली तर वाटप बदलले जाते. नोरियो मुराता यांनी १९६९ साली पॉर्फिरिडियममध्ये हे नोंदवले. त्यात फायकोबिलिसोम स्वतः सरकते की दोन प्रणालींमध्ये ऊर्जा ओसंडते, यावर संशोधकांत अजून एकमत नाही.

तिसरा बदल संरक्षणाचा आहे. भर दुपारी मिळणारा प्रकाश वापरता येण्याजोग्या प्रमाणाच्या पुष्कळ वर जातो, आणि न वापरलेली ऊर्जा पेशीला इजा करते. सायनोबॅक्टेरियांत एक नारिंगी कॅरोटिनॉइड प्रथिन असते. तीव्र निळ्या-हिरव्या प्रकाशाने ते तांबडे होते, फायकोबिलिसोमच्या गाभ्याला जाऊन चिकटते आणि येणारी ऊर्जा तेथेच उष्णतेत बदलून टाकते. ऊन कमी झाले की दुसरे एक प्रथिन त्याला सोडवते. चैत्र-वैशाखात उघड्या शेततळ्यात हे जीव टिकतात, त्यामागे अशा उपायांचा मोठा भाग आहे.

स्पिरुलिनाच्या टाकीतला निळसरपणा जाऊन पिवळट हिरवा रंग आला. काय झाले असेल?

बहुधा नत्र कमी पडले असावे. पेशीतल्या विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंतचा वाटा या बांधणीत असू शकतो, म्हणजे ते पेशीचे नत्राचे कोठारही आहे. नत्राची टंचाई झाली की पेशी स्वतःचे फायकोबिलिसोम पद्धतशीरपणे मोडून नत्र वापरते, निळा रंग उतरतो आणि हरितद्रव्य व कॅरोटिनॉइड उरतात. अतितीव्र उन्हातही रंग फिका पडतो. म्हणून खताचे प्रमाण आणि सावलीची जाळी या दोन्ही गोष्टी तपासाव्यात.

शेततळ्यावर हिरवी साय आली आहे. ते सायनोबॅक्टेरिया आहेत हे कसे ओळखावे?

बागेतून वाहून आलेले नत्र आणि स्फुरद, साचलेले पाणी आणि ऊन एकत्र आले की अशी साय येते. लांब धागे काठीला गुंडाळून निघत असतील तर ते बहुतेक हिरवे शैवाल असते. रंग सांडल्यासारखा, हाताने धरता न येणारा तवंग असेल आणि काठावर वाळताना त्याची निळी कड उमटत असेल, तर सायनोबॅक्टेरियांचा संशय बळावतो. मेलेल्या पेशींतून विरघळून बाहेर आलेले फायकोसायनिन ती कड रंगवते. अशा पाण्यात विषद्रव्ये असू शकतात आणि ती उकळल्याने जात नाहीत, म्हणून जनावरांना ते पाजू नये.

जगभर जलाशयांवर लक्ष ठेवणारी उपकरणे फायकोसायनिनच्या प्रतिदीप्तीचा आधार घेतात : नारिंगी प्रकाश द्यायचा आणि ६५० नॅनोमीटरजवळ परत येणारा तांबडा प्रकाश मोजायचा. हिरव्या शैवालांत फायकोसायनिन नसल्यामुळे गल्लत होत नाही. पावसाळ्यातल्या गोदावरीसारख्या गढूळ पाण्यात निळा प्रकाश आधी नाहीसा होतो आणि पिवळा-तांबडा उरतो. अशा पाण्यात फायकोसायनिनवाल्या जातींना फावते, तर निवळ महासागरात फायकोएरिथ्रिनवाल्यांना.

घाटाच्या पायऱ्यांवरचा काळा थरही हाच का?

पुष्कळदा हाच. काळा रंग पेशींभोवतीच्या आवरणातल्या स्कायटोनेमिन या द्रव्याचा असतो, जे अतिनील किरणांपासून रक्षण करते. आत फायकोबिलिसोम असतात. उन्हाळ्यात थर पापुद्र्यासारखा वाळतो आणि सारे व्यवहार थांबतात. पहिल्या पावसाने तो फुगतो, निसरडा होतो आणि प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू होते.

सगळ्या सायनोबॅक्टेरियांत फायकोबिलिसोम असतात का?

नाही. महासागरात अपार संख्येने असणाऱ्या प्रोक्लोरोकॉकसकडे ते नाहीत. ग्लिओबॅक्टरकडे ते आहेत, पण आतली पटलेच नसल्याने ते पेशीपटलालाच आतून चिकटलेले असतात.

वैद्यकात या रंगद्रव्यांचा उपयोग होतो असे ऐकले आहे.

होतो. तांबड्या शैवालांतले फायकोएरिथ्रिन इतके तेजस्वी चमकते की १९८२ पासून ते प्रतिपिंडांना जोडून रक्तातल्या विशिष्ट पेशी मोजण्यासाठी वापरले जाते. पेशीतल्या जागी असताना जी ऊर्जा मुकाट्याने पुढे गेली असती, ती येथे प्रकाश होऊन बाहेर पडते आणि यंत्राला दिसते.

हे आपल्या डोळ्यांनी पाहता येईल का?

येईल, आणि त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. चांगल्या प्रतीची स्पिरुलिना भुकटी एक ग्रॅम घ्यावी, पन्नास मिलिलिटर थंड पाण्यात ढवळावी आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावी. सकाळी तळाशी हिरवा गाळ बसलेला असतो आणि वर निळे पाणी असते. ते हलक्या हाताने ओतून गाळणी-कागदातून गाळावे; कागद लवकर तुंबतो, तेव्हा घाई करू नये. ताजे ओले शैवाल असेल तर ते दोन-तीन वेळा गोठवून वितळवावे, म्हणजे पेशी फुटतात. मापन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ६१५ नॅनोमीटरच्या शोषणातून ६५२ नॅनोमीटरच्या शोषणाची ०.४७४ पट वजा करून उरलेल्या आकड्याला ५.३४ ने भागावे. फायकोसायनिनचे प्रमाण मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या मापात मिळते.

आता काचेची नळी खिडकीसमोर धरून आरपार पाहावे : पाणी निळे दिसते. मग नळी काळ्या कागदापुढे धरावी, बाजूने ऊन किंवा प्रखर टॉर्चचा झोत पाडावा आणि समोरून पाहावे. त्याच निळ्या पाण्यात रक्तासारखी तांबडी झाक उजळते. वर्गात हे पाहताना दरवर्षी काही क्षण कोणीच बोलत नाही.

ही झाक म्हणजे फायकोसायनिनने घेतलेली आणि पुढे देता न आलेली ऊर्जा. साध्या पाण्यात फायकोबिलिसोमची बांधणी सुटते, चकत्या गाभ्यापासून दूर जातात, आणि दोन नॅनोमीटरवर असलेला शेजारी नाहीसा होतो. शेवाळाच्या जिवंत पेशीवर तोच झोत टाकला तर अशी झाक डोळ्यांना दिसत नाही, कारण तेथे बहुतेक ऊर्जा हरितद्रव्याकडे निघून गेलेली असते. बांधणी शाबूत ठेवून बाहेर काढायची असेल तर तीव्र फॉस्फेट द्रावण वापरावे लागते, आणि तेव्हा उत्सर्जन ६८० नॅनोमीटरकडे सरकलेले दिसते.

दुसऱ्या नळीतले पाणी उकळत्या पाण्यात काही मिनिटे धरावे. झाक जाते आणि निळा रंगही फिका पडतो. तिसरीत लिंबाचे काही थेंब टाकले तर निळे कण फुटून खाली बसतात. उरलेले द्रावण अंधारात, फ्रीजमध्ये ठेवावे. एकदा आमची एक बाटली मे महिन्यात खिडकीच्या कट्ट्यावर राहिली होती. सकाळी शाईसारखे दिसणारे पाणी संध्याकाळी जवळजवळ रंगहीन झाले होते, आणि टॉर्च लावूनही त्यात तांबडे काही दिसले नाही.